पेव्हर ब्लॉकचं अंगण

माझ्या पहिल्या बोनसचे पैसे मी पेणच्या घराच्या अंगणात घातले. दहा मीटर बाय सहा मीटरचं मातीचं अंगण होतं. पावसाळ्यात तिथे चिखल व्हायचा. गणपती न्यायला आलेली माणसं डोक्यावर पाट घेऊन त्या चिखलातून सांभाळून पाय टाकत जायची आणि कुणी घसरलं तर, या भीतीने आई दारात उभी राहून सगळ्यांना "सावकाश, सावकाश" म्हणत राहायची. आमचा गणपतीचा छोटा कारखाना आहे. घराच्या बाजूला पत्र्याची लांबट शेड, त्यात वर्षाला तीनशेच्या आसपास मूर्ती. पेणच्या हिशेबात ही संख्या काहीच नाही. हमरापूर-जोह्याकडे एकेका कारखान्यात हजारांनी मूर्ती होतात.

बोनस आला तसं मी म्हटलं, पेव्हर ब्लॉक बसवून घेऊ. मे महिन्यात तीन दिवसांत काम झालं. खाली काँक्रीटचा थर, वर लाल आणि करडे ब्लॉक, सांध्यांत सिमेंटचं पाणी, म्हणजे गवत उगवायला नको. मी फोटो काढून स्टेटसला टाकला. आईने त्या संध्याकाळी अंगण पाण्याने धुतलं. पाणी सरसर रस्त्याकडे वाहून गेलं आणि पाच मिनिटांत अंगण कोरडं झालं. आम्ही सगळे खूश होतो.

ते पाणी सरसर गेलं कुठे, हा प्रश्न आमच्या मनात यायला दोन वर्षं लागली.

आषाढातली अमावास्या होती, दिव्यांची अवस. आईने दुपारी घरातले सगळे दिवे घासून पुजले होते. गणपतीला एक महिना आणि चार दिवस उरले होते. मी शनिवार-रविवार जोडून घरी आलो होतो. रात्री नऊला पाऊस सुरू झाला. पेणच्या माणसाला पावसाचं अप्रूप नसतं. रायगडात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. त्यामुळे आम्ही जेवलो, झोपलो. साडेबाराला बाबांनी हाक मारली.

कारखान्यात घोट्याच्या वर पाणी होतं. नदीचं गढूळ पाणी असतं तर वेगळी गोष्ट. भोगावती फुगली की शहराच्या सखल भागात पाणी येतं, हे पेणमध्ये सगळ्यांना माहीत आहे. पण हे पाणी बऱ्यापैकी स्वच्छ होतं. आमच्याच छपरांवरून, अंगणांतून आणि रस्त्यावरून आलेलं पाणी. रस्त्याकडेचं गटार काठोकाठ भरून थांबलं होतं, त्यात पाणी वाहतच नव्हतं.

खालच्या फळीवर आणि जमिनीवर शाडूच्या त्रेसष्ट मूर्ती होत्या. काही कच्च्या, काहींना पांढरा हात दिलेला, आठ-दहा तर आखणीपर्यंत पोचलेल्या. मी आणि बाबा त्या उचलायला लागलो. शाडूची मूर्ती खालून भिजली की आधी काही दिसत नाही. उचलायला गेलं की पाटावरून नुसती वरची अर्धी हातात येते. दोन-तीन वेळा तसं झाल्यावर बाबा म्हणाले, "राहू दे." मग आम्ही दोघंही टॉर्च धरून उभे राहिलो. मूर्ती हळूहळू खाली बसत होत्या.

२०२० साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची मूर्तींबद्दलची नियमावली आली, तेव्हापासून बाबांनी प्लास्टर कमी करत करत शाडू वाढवला होता. प्लास्टरच्या मूर्ती असत्या तर पुसून, वाळवून पुन्हा रंगवता आल्या असत्या. शाडू पाण्यात विरघळतो. म्हणूनच तर तो घ्यायचा.

सकाळी बाबांनी रंग न लागलेला गाळ घमेल्याने गोळा करून पिंपात भरला. "माती तरी परत मिळाली," एवढंच म्हणाले. ज्या गिऱ्हाइकांकडून विसार घेतला होता, त्यांना फोन करायचं काम मात्र आईने केलं. ते बाबांना जमलं नाही.

*

त्या आठवड्यात ओळखीचा गवंडी येऊन बघून गेला. त्याचा उपाय सरळ होता. अंगण आणि शेडचं जोतं दोन फूट उचलायचं. आमच्या आळीचा रस्ता दरम्यान काँक्रीटचा झाला होता. जुन्या डांबरावरच नवा थर पडल्यामुळे तो वीतभर वर आला होता आणि आमचं घर तेवढंच खाली गेलं होतं. तो रस्ता व्हावा म्हणून आळीने जो अर्ज केला होता, त्यावर बाबांची सही पहिली आहे. त्यामुळे त्याबद्दल बोलायला आम्हाला तोंड नव्हतं.

मी लगेच म्हटलं, किती लागतील सांगा, मी देतो.

बाबा ओट्यावर बसले होते. शेजारच्या काकूंच्या घराकडे बघून म्हणाले, "आणि मग ते पाणी कुठे जाईल?"

काकूंचं घर आमच्याहून खाली आहे. कौलारू, जुनं. त्या एकट्या राहतात. आम्ही दोन फूट वर गेलो की आमच्या अंगणात साठलेलं पाणी त्यांच्या माजघरात जाणार, हे कळायला इंजिनिअरिंगची डिग्री लागत नाही. पण माझ्या डिग्रीने ते मला सांगितलं नव्हतं, बाबांनी सांगितलं. मग आळीकडे नीट बघितल्यावर लक्षात आलं की गेली दहा-पंधरा वर्षं हेच चाललंय. एक घर जोतं उचलतं, पाणी शेजारी जातं. शेजारी दोन वर्षांनी पैसे जमवून उचलतो. रस्ता वर येतो, पुन्हा सगळे उचलतात. ज्याच्याकडे पैसे नाहीत, तो शेवटी सगळ्यांचं पाणी घेऊन बसतो.

माझा धंदा सॉफ्टवेअरचा. सर्व्हर झोपला की आधी लॉग बघायचे, कुणावरही ओरडायचं नाही, एवढं मी त्यातून शिकलोय. म्हणून मोजायला सुरुवात केली.

हिशेब सातवीच्या पोराला येईल असा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. आमचं अंगण साठ चौरस मीटर. त्यावर शंभर मिलिमीटर पाऊस पडला, आणि आमच्याकडे एका रात्रीत तेवढा पडणं ही काही बातमी नसते, तर सहा हजार लिटर. गच्चीवरच्या हजार लिटरच्या सहा टाक्या, फक्त अंगणातून.

मग सगळी आळी मोजली. रस्ता १८० मीटर लांब, चार मीटर रुंद. दोन्ही बाजूंना मिळून सव्वीस घरं. प्रत्येकाचं छप्पर आणि पुढचं अंगण धरून सरासरी १२० चौरस मीटर. एकूण बेरीज ३,८४० चौरस मीटर. तासाला ५० मिलिमीटरच्या वेगाने पाऊस पडला, तर या आळीवर सेकंदाला ५३ लिटर पाणी पडतं. म्हणजे दर सेकंदाला साडेतीन बादल्या. काँक्रीट, पत्रा आणि पेव्हर ब्लॉक असतील तर त्यातलं नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी लगेच गटारात येतं. माती, गवत, झाडं असतील तर बरंच कमी आणि बरंच उशिरा.

सव्वीसपैकी किती अंगणं मातीची उरली आहेत, ते मी चालत जाऊन मोजलं. चार. त्यातलं एक काकूंचं.

*

हे सगळं मी रोह्याला मामाला सांगितलं. पेणहून दिवा-रोहा गाडी पकडली की कासू, नागोठणे, निडी आणि मग रोहा. कोकण रेल्वे जिथे सुरू होते ते स्टेशन. मामा धाटावच्या एमआयडीसीतून निवृत्त झालाय. त्याचं घर नदीपासून फार लांब नाही. कुंडलिका ही तशी भाग्यवान नदी. भिऱ्याच्या वीजघरातून सुटणारं पाणी तिला मिळतं, त्यामुळे ती भर उन्हाळ्यातही वाहते. कोलाडला राफ्टिंग चालतं ते त्याच पाण्यावर. पावसाळ्यात मात्र वरून डोंगराचं पाणी आणि खालून खाडीची भरती, अशी ती दोन्हीकडून येते.

मामाने माझा हिशेब ऐकून घेतला आणि मला घराच्या मागे नेलं. तिथे मी लहानपणी शंभरदा गेलो असेन. न्हाणीची मोरी, तिच्या तोंडाशी अळूचं रान, पुढे कर्दळ, मग केळी, मग दोन सुपाऱ्या आणि विहीर. छपराच्या पागोळ्या पडतात तिथे दगडांची रांग, म्हणजे माती उडत नाही. त्या रांगेच्या कडेने एक उथळ पाट, तोही अळवाकडेच जाणारा.

"हे कुणी डिझाइन केलं?" मी विचारलं.

"डिझाइन कसलं? पाणी जिथे जात होतं, तिथे आजीने अळू लावलं."

मी नंतर वाचलं की जगात याला 'रेन गार्डन' म्हणतात. रस्त्याच्या किंवा अंगणाच्या कडेला जमिनीपेक्षा खोलगट वाफा करायचा, त्यात पाणी सहन करणारी झाडं लावायची, पावसाचं पाणी आधी तिथे वळवायचं. तिथे ते थोडं मुरतं, थोडं थांबतं, गाळ खाली बसतो आणि उरलेलं सावकाश गटारात जातं. अमेरिकेत सिअ‍ॅटलमध्ये २००१ साली एक सबंध गल्ली अशी नव्याने बांधली. रस्ता अरुंद आणि नागमोडी केला, कडेला असे वाफे केले. युरोपात रॉटरडॅममध्ये २०१३ साली एक चौकच खोलगट बांधला. कोरड्या दिवशी पोरं तिथे बास्केटबॉल खेळतात, जोराचा पाऊस आला की मैदानाचं तळं होतं. कोपनहेगनमध्ये २ जुलै २०११ ला तीन तासांच्या आत दीडशे मिलिमीटरच्या घरात पाऊस पडून शहर बुडालं. पुढच्याच वर्षी त्यांनी रस्ते, बागा आणि चौक यांतून पाणी कुठून न्यायचं आणि कुठे थांबवायचं, याचा शहरभर आराखडा केला. चीनने तर अख्ख्या शहरांना स्पंज बनवण्याचा कार्यक्रम काढला.

मी हे सगळं रात्रभर वाचलं आणि सकाळी मामाला उत्साहाने सांगितलं. तो म्हणाला, "त्यांचा पाऊस किती?"

कोपनहेगनचा वर्षभराचा पाऊस आमच्या एका चांगल्या जुलैएवढाही नाही.

ही अडचण खरी आहे. जूनच्या पहिल्या पावसात आमची जमीन पाणी पिते. जुलै संपेपर्यंत तिचं पोट भरलेलं असतं. विहिरी काठाशी येतात, शोषखड्डा खणला तर त्यात खालूनच पाणी लागतं. तेव्हा 'पाणी जिरवा' हे सांगणं दुष्काळी भागात जितकं लागू आहे, तितकं कोकणात भर पावसाळ्यात नाही. आमच्याकडे प्रश्न वेळेचा आहे. सगळ्या छपरांचं, सगळ्या अंगणांचं पाणी एकाच मिनिटाला गटाराच्या तोंडाशी येतं. तात्काळ तिकिटासाठी सकाळी दहाला सगळा देश एकदम लॉगिन करतो, तसं. तिथे सर्व्हर कितीही मोठा घेतला तरी कुठेतरी रांग लावावीच लागते.

"पाणी येणारच," मामा म्हणाला. "किती वाजता येतंय, ते बघ."

*

किती वाजता, याचं उत्तर आमच्याच घरात होतं.

त्या रात्री गटारात पाणी थांबलं होतं, कारण गटार जिथे जातं तो नाला भरलेला होता, आणि नाला भरलेला होता, कारण खाडी भरलेली होती. अमावास्येचं उधाण. मी हवामान आणि भरतीची माहिती जोडून एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. भरतीची वेळ आणि जोराचा पाऊस जुळत असेल, तर फोनवर मेसेज येतो. दोन रविवार त्यात गेले. बाबांना दाखवला. त्यांनी कॅलेंडरकडे बघितलं. "आज चतुर्थी. चारची पाऊणपट तीन. तीनला मुंबईची भरती, आपल्याकडे खाडीत जरा मागाहून."

माझ्या प्रोग्रॅमने दिलेली वेळ पंधरा-वीस मिनिटांनी वेगळी होती.

तिथीला पाऊणने गुणायचं, की भरतीची वेळ येते. चंद्र रोज अठ्ठेचाळीस-पन्नास मिनिटं उशिरा येतो, त्याचा हा गुणाकार. किनाऱ्यावर हा हिशेब पिढ्यान् पिढ्या चालत आलाय. बाबांना तो आजीकडून मिळाला. आजी खारेपाटातली, वडखळच्या पलीकडची. त्या बाजूची भातशेती भरतीच्या पातळीच्या खाली आहे. खाडीच्या कडेने मातीचा बांध घालून ती खाऱ्या पाण्यापासून राखायची. पण बांध घातला की पावसाचं पाणी आत अडकतं. त्यावर उपाय म्हणजे उघाडी. बांधात एक मोरी, तिला खाडीच्या बाजूने लाकडी झडप. भरती आली की खाडीचं पाणीच झडप दाबून बंद करतं. सुकती लागली, खाडी उतरली, की आतल्या पाण्याच्या दाबाने झडप आपोआप उघडते आणि शेतातलं पाणी निघून जातं. भरतीचे तास आतलं पाणी थांबावं म्हणून बांधाच्या आत खोलगट जागा मोकळी ठेवलेली असते. तिथे कुणी शेत करत नाही.

वीज नाही, पंप नाही. थांबायला जागा आणि उघडायची वेळ, एवढंच.

मी ऐरोलीत काम करतो. नवी मुंबईचा बराच भाग भरतीच्या पातळीच्या आसपास किंवा खाली आहे. सिडकोने ते शहर वसवताना तिथे धारण तलाव बांधले. नोडमधलं पावसाचं पाणी मोठ्या नाल्यांनी तलावात येतं. भरतीच्या वेळी खाडीकडची दारं बंद राहतात, ओहोटीला उघडतात आणि तलाव रिकामा होतो. याला डच पद्धत म्हणतात. मी रोज बसमधून असा तलाव बघत होतो आणि तो फ्लेमिंगोंचे फोटो काढायची जागा आहे असं समजत होतो. आजीला तो दाखवला असता तर ती म्हणाली असती, ही उघाडीच.

त्या तलावांत आता गाळ साचलाय, कांदळवन वाढलंय. गाळ काढायचा की कांदळवन राखायचं, हा तिथला जुना पेच आहे. म्हणजे नुसती जागा ठेवून भागत नाही, ती राखावीही लागते. मुंबईचंच बघा. जुनी गटारं तासाला २५ मिलिमीटर पाऊस आणि समुद्राला ओहोटी, असं धरून बांधलेली. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला. त्यानंतर माधवराव चितळे यांच्या समितीने या पुराची कारणं तपासली आणि 'ब्रिमस्टोवॅड' नावाच्या, १९९३ पासून पडून राहिलेल्या आराखड्याला वेग आला. त्यात हिशेब तासाला ५० मिलिमीटरचा. अलीकडे हिंदमाताजवळ तर मैदानांच्या खाली मोठ्या टाक्या बांधल्या आहेत. पाऊस आणि भरती जुळली की पाणी आधी टाक्यांत थांबतं. म्हणजे तिथेही शेवटी प्रश्न तोच आला. पाण्याला थांबायला जागा कुठे?

खारेपाटात बांध राखायचं काम कुणा एकाचं नव्हतं. आजी 'जोळ' म्हणायची. ज्यांची ज्यांची शेतं एका बांधाआड, त्यांचं मिळून ते काम. उधाणाने बांधाला खांड पडली की घरटी एक माणूस रात्री-बेरात्री चिखलाची ढेकळं घेऊन धावायचा. १९४८ साली खारभूमीचा कायदा झाला, १९७९ साली नवा झाला, आणि बांध सरकारकडे गेले. आजीची तक्रार कायद्याबद्दल नव्हती. ती म्हणायची, "आधी बांध फुटला की सगळी पळत जायची. आता सगळी फोन करतात."

*

पुढच्या मे महिन्यात मी माझ्याच पैशांनी बसवलेल्या पेव्हर ब्लॉकचा एक पट्टा काढायला लावला.

रस्त्याच्या बाजूने, दहा मीटर लांब आणि दीड मीटर रुंद. खाली दीड फूट डबर आणि खडी, त्यावर वाळू-माती, आणि वरचा भाग अंगणापेक्षा वीतभर खोल. एका टोकाला दोन इंची पाइप गटारात. पाइप मुद्दाम बारीक. छपराच्या पन्हळीचं तोंडही तिकडे वळवलं. वरच्या वीतभर खळग्यात सव्वादोन हजार लिटर पाणी मावतं. खालच्या दगडांतल्या पोकळीत आणखी अडीच-तीन हजार, पण ते जूनपुरतं. जुलैत ती जागा आधीच भरलेली असते, म्हणून मी ती हिशेबात धरत नाही. वर अळू, कर्दळ, कडेला वाळा. रोप मामाकडचं.

गवंड्याने पैसे घेतले आणि मान हलवत गेला. आईची हरकत जास्त गंभीर होती. डास. पाणी दोन दिवसांपेक्षा जास्त साठलं तर डेंग्यूला आमंत्रण. ती पहिल्या पावसाळ्यात रोज काठी घालून खोली बघायची. बारीक पाइपमुळे पाऊस थांबला की चार-पाच तासांत खळगा रिकामा होतो, हे स्वतः बघितल्यावरच तिने विषय सोडला. आता अळवाच्या फतफत्यासाठी पाच घरांतून वाटी येते.

मग आळी. हे सगळ्यात अवघड होतं आणि त्यात माझा फारसा वाटा नाही. मी मोबाइलवर नकाशा दाखवायचो, लोक बघायचे आणि म्हणायचे, "आणि स्कूटर कुठे लावू?" त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. बाबा वेगळं बोलायचे. ते म्हणायचे, "तुझं पाणी तुझ्या दारात अर्धा तास थांबव, एवढंच." आजवर सव्वीसपैकी सात घरांनी असा पट्टा केलाय. कुणाचा दोन मीटरचाच आहे. एकाने ऐकून घेतलं, चहा पाजला आणि त्याच महिन्यात अंगण फूटभर उचललं. त्याचा रागही धरता येत नाही. त्याच्या घरात वडील अंथरुणाला खिळलेले आहेत.

मेच्या शेवटच्या रविवारी, आगोटीच्या कामांत, आता घरटी एक माणूस गटारात उतरतो. पहिल्या वर्षी आम्ही नऊ जण होतो. झाकणं काढल्यावर खाली गाळ, प्लास्टिक, नारळाच्या शेंड्या आणि मूर्तींच्या साच्यांचे रबराचे तुकडे निघाले. ते तुकडे आमचेच होते. गेल्या वर्षी एकवीस जण होते. काकूंना उतरता येत नाही, त्या सगळ्यांना कोकम सरबत देतात.

रस्ता मात्र अजून तसाच उंच आहे. पुन्हा होईल तेव्हा आधी जुना थर खरवडून काढावा आणि मगच नवा घालावा, मधोमध पन्हळीसारखा किंचित खोल ठेवावा, गटाराच्या जाळ्या जवळजवळ घ्याव्यात, असा अर्ज आम्ही केलाय. या वेळी पहिली सही माझी आहे. त्यात आणखी एक ओळ आहे. रस्त्याकडेच्या झाडांभोवती आपण कठडा बांधून माती उंच करतो. तीच माती रस्त्यापेक्षा खाली ठेवली आणि कठड्याला दोन खाचा ठेवल्या, तर प्रत्येक झाड थोडं पाणी थांबवेल. याला वेगळा खर्चसुद्धा नाही.

*

गेल्या वर्षी आषाढी अमावास्येला मी मुद्दाम सुट्टी काढून घरी गेलो. संध्याकाळपासून पाऊस होता. खालच्या फळीवर आता मूर्ती नसतात, बाबांनी त्या दीड फूट वर नेल्या आहेत. पट्टा-बिट्टा ठीक आहे, पण त्यावर सगळा भरवसा टाकणारा माणूस तो नाही.

अकराच्या सुमारास अंगणाच्या कडेचा खळगा भरला. अळवाची पानं पाण्यावर हेलकावत होती. साडेअकराला रस्त्यावर पाणी दिसायला लागलं. बाराला ते शेडच्या उंबऱ्यापासून तीन बोटांवर आलं. मी मोबाइलवर भरतीचा आलेख बघत होतो, बाबा उंबऱ्याकडे बघत होते. काकूंच्या घरातला दिवा चालू होता. मी दोनदा जाऊन त्यांचं माजघर बघून आलो. कोरडं होतं.

पाणी तिथेच थांबलं. आमच्या पट्ट्यांमुळे, गटार साफ असल्यामुळे, की पाऊसच त्या रात्रीपेक्षा थोडा कमी होता म्हणून, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. सात घरं आणि एक रात्र, एवढ्यावर कुठलाही इंजिनिअर निष्कर्ष काढणार नाही. वर कितीही पट्टे केले तरी भोगावतीला मोठा पूर आला तर आमची आळी बुडणार, हेही मला माहीत आहे. ही सगळी खटपट त्या दोन-तीन तासांपुरती आहे, जेव्हा खाडी भरलेली असते आणि पाण्याला जायला वाट नसते.

आम्ही ओट्यावर बसून राहिलो. बाबांनी एकदा विचारलं, "पेव्हर ब्लॉकला किती लागले होते रे तेव्हा?" मी आकडा सांगितला. ते हसले. त्या रात्रीनंतर या विषयावर ते पहिल्यांदाच हसले.

एक वाजून गेल्यावर गटाराच्या जाळीतून गुडगुड असा आवाज आला. इतका वेळ थांबलेलं पाणी हलायला लागलं होतं. त्यावर तरंगणारं एक अळवाचं पान आधी जागच्या जागी फिरलं आणि मग नाल्याच्या दिशेने निघालं.

"सुकती लागली," बाबा म्हणाले आणि झोपायला गेले.